घरटी एक घमेलं

तेरवीच्या पंगती उठल्या, पत्रावळ्या उकिरड्यावर गेल्या आणि हात पुसता पुसता प्रेमदासने खिशातून घडी घातलेला कागद काढला. निदान पान सुपारी होईपर्यंत तरी त्याने थांबावं, असं लिंबाखाली बसलेल्या प्रत्येकाला वाटलं असणार. पण प्रेमदास आडेला थांबणं कधी जमलंच नव्हतं. विसाव्या वर्षी तो रस्त्याच्या कामावर खडी पसरत होता, तिसाव्या वर्षी त्याच कामावर मुकादम होता आणि चाळिशीत सेनगाव तालुक्यातला नावाजलेला गुत्तेदार, कंत्राटदार. तो थांबला असता तर यातलं काहीच झालं नसतं. तांड्याचं समाजमंदिरही उभं राहिलं नसतं आणि त्याचा छज्जाही पडला नसता, हेही तितकंच खरं.

कागदावर हरिचंदचा जबाब होता, सेनगावातून टाइप करून आणलेला. उद्या सकाळी चौकशीचे साहेब येणार होते. त्याआधी हरिचंदने खाली सही करायची, एवढंच काय ते उरलं होतं.

"दादा, तुमी वाचा. नाईकाला ऐकू जाऊ द्या," म्हणत प्रेमदासने कागद थोरल्या भावाकडे सरकवला. लालसिंगने चष्मा नाही म्हणून तो परत केला. चष्मा त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होता. बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसलेल्या त्याच्या लेकीला, शितलला, तो तिथूनही दिसत होता.

मग प्रेमदासनेच वाचलं. समाजमंदिराच्या पुढच्या छज्ज्याची सळई मी बांधली. बांधताना ती खाली राहिली. गुत्तेदार त्या वेळी कामावर हजर नव्हते. छज्जा कोसळून त्याखाली बसलेल्या जिवनबाई यांचा मृत्यू झाला, तो माझ्या हयगयीमुळे झाला.

जिवनबाई म्हणजे सही करणाऱ्याची सख्खी आई. होळीच्या आदल्या आठवड्यात सावली बघून ती त्या छज्ज्याखाली सुपात तूर निवडत बसली होती. दुपारचे बारा वाजले होते, वारा नव्हता, वर कोणी चढलेलं नव्हतं. पाच फूट रुंद छज्जा भिंतीपासून सुटला आणि सरळ खाली आला.

"बराबर लिव्हलंय ना?" प्रेमदासने विचारलं.

हरिचंद मान खाली घालून बसला होता. मुंडण केलेलं डोकं, खोल गेलेले डोळे, तेरा दिवसांत निम्मा झालेला. "माह्याच हातची बांधणी," तो म्हणाला. "द्या, करतो सही."

"थांबा जरा मामा," त्याची बायको संगिता घोळक्यातून पुढे सरकली. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता, पण आवाज पदराआड राहणारा नव्हता. "सही केल्यावर ह्यांना नेतील का न्हाई, तेवढं सांगा. दोन लेकरं हायत माही."

"नेतील, आन् चार दिसात सुटतील. मी सोडवीन. मी बाहीर राहिलो तर सोडवीन ना? मलाच नेलं तर तुमच्या मागं कोण हाय?"

"आन् न्हाई सुटले तर?"

"संगिता," प्रेमदासचा आवाज खाली आला, "जिवनबाई माही बहीण व्हती. मला काय सुख होऊन राहिलं का हे करताना?"

हे तो खोटं बोलत नव्हता. छज्जा पडला त्या दिवशी ढिगारा उपसताना त्याची नखं फुटली होती, ती अजून काळी होती. माणूस बहिणीसाठी रडतो आणि भाच्याचा जबाबही लिहून आणतो. दोन्ही एकाच काळजातून निघतं, त्याला कोण काय करणार?

आणि हरिचंद भाचाच. जिवनबाई नवरा गेल्यावर तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन भावांच्या तांड्यात परत आली, ती इथलीच झाली. पोरगा मात्र पाहुणाच राहिला. मामाच्या घरी जेवला, मामाच्याच कामावर सळई वाकवायला, बांधायला शिकला आणि पंचक्रोशीत त्याच्यासारखा फिटर नाही असं नाव काढलं. पण तांड्यात त्याच्या बाजूने भांडायला भावकी नव्हती. अशा माणसाच्या नावाने कागद लिहिणं फार सोपं असतं.

शितलच्या मांडीवर तिची कापडी पिशवी होती. पिशवीत वही होती.

ती विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती. बांधकाम व्यवस्थापन आणि क्वांटिटी सर्व्हेइंग. इमारत उभी करायला काय, किती आणि कधी लागेल, आणि उभी राहिली ती कागदाबरहुकूम आहे का, हे मोजायचं शिक्षण. तांड्यात त्याला एवढं लांब नाव कोण देणार? "बापानं दगड फोडला, लेक मोजून राहिली," असं म्हणून लोक लालसिंगची फिरकी घ्यायचे आणि लालसिंग मिशीत हसायचा. आत्याला तर त्याचा केवढा अभिमान. कुरुंद्याहून हळद घ्यायला आलेल्या अनोळखी बाईलाही जिवनबाई सांगायची की, माही भाची घर नुसतं बघून त्यात किती विटा हायत ते सांगती. ते खरं नव्हतं, पण शितलने तिला कधी थांबवलं नाही.

थांबवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीतला तो दिवस तिला पुन्हा आठवला. तेरा दिवस तो सारखा आठवत होता.

त्या सत्राला एका चालू कामाची मोजमापं घेऊन प्रकल्प सादर करायचा होता. काकाचं काम घरासमोर चाललेलं, मग दुसरीकडे कशाला जायचं? स्लॅबच्या दिवशी सकाळी ती टेप घेऊन वर गेली. टेपचं टोक हरिचंदने धरलं. छज्ज्याची जाडी पाच इंच आणि मुख्य सळई वरच्या पृष्ठभागापासून सहा सूत आत. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे सळई अगदी वरच्या अंगाला, जिथे हवी तिथे. छज्ज्याला खालून आधार नसतो, तो भिंतीतून बाहेर लटकतो. फांदी वाकली की साल वरून तडकते, खालून नाही. म्हणून छज्ज्याची सळई वरच लागते, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. खाली गेली तर ती असून नसल्यासारखी. ती वर राहावी म्हणून हरिचंदने सळईचेच तुकडे वाकवून लहान लहान आधार ठेवले होते. कामावरची माणसं त्यांना खुर्च्या म्हणतात. सगळं तिने वहीत लिहिलं, वेळ टाकली, सव्वानऊ.

साडेनऊला तांडा वर आला.

ही या तांड्याची रीत. विहिरीचा गाळ काढायचा असो की देवाचा ओटा बांधायचा असो, घरटी एक टोपलं प्रत्येकीने उचलायचं. मागच्या पिढ्यांत ते मातीचं होतं, आता काँक्रीटचं आलं, तर घरटी एक घमेलं. बेचाळीस घरांच्या बेचाळीस बाया नवी लुगडी नेसून, डोक्यावर घमेली घेऊन, गाणं म्हणत वर चढल्या. आणि घमेलं कुठे रिकामं करायचं? मागच्या बाजूला कोण बघतं? प्रत्येकीला पुढचा काठच हवा होता, रस्त्यावरून दिसणारा, जिथे झेंडा लागणार होता. त्या सगळ्या छज्ज्यावर गेल्या, थेट सळईवर पाय देत.

पहिला मान जिवनबाईचा. तिचे गुडघे धरलेले. "शितल, हात दे गं," ती म्हणाली आणि शितलने हात दिला. आत्याचं वजन सळईवर पडलं तेव्हा पायाखाली एक खुर्ची कलंडल्याचं शितलला कळलं. मग दुसरी. बाया येत राहिल्या, सळई बसत गेली आणि वरून काँक्रीट पडत गेलं. तिने तोंड उघडलं होतं. पण आत्या हसत होती, काका खालून टाळ्या वाजवत होता, आणि बेचाळीस बायांना देवाच्या कामावरून खाली उतरा म्हणायचं ते कोणी? कालपर्यंत शेंबूड पुसणाऱ्या पोरीने? एवढ्याने काय होतंय, असं तिने मनाला सांगितलं. भित्र्या माणसाचं मन पटकन ऐकतं.

हरिचंद तेव्हा मागच्या अंगाला तुळई बांधत होता. तो पुढे आला तेव्हा छज्जा झाकून गेला होता.

"शितल, छज्जा बराबर हाय ना?" त्याने विचारलं होतं.

"व्हय दादा, बराबर."

तो वळून गेला होता. आणि तिने वहीत खालच्या ओळीत लिहिलं होतं, ओतणीच्या वेळी सळईची जागा बराबर. त्या प्रकल्पाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. सरांनी ती वही मुलांना दाखवली होती, मोजमाप कसं लिहावं म्हणून.

"पेन आणा रे कुणी," प्रेमदास म्हणाला.

शितल उठायला लागली तसा रुख्मिणीबाईने, तिच्या आईने, तिचा दंड धरला. गेल्या तीन रात्री एकाच वाकळेत झोपून आईने लेकीच्या तोंडून सगळं काढून घेतलं होतं. "बस," ती ओठातल्या ओठात म्हणाली. "तुहं एक वरीस राहिलंय. त्याचं तर काय, तो हो म्हणूनच राहिला."

"याडी," ती आईला म्हणाली, "त्यानं बांधली न्हाई खाली."

"मला ठावं हाय. बस खाली."

हे ऐकून शितलला आईचा राग आला नाही; भीती वाटली. आपणही तेरा दिवस नेमकं एवढंच मनात म्हणत होतो, हे तिला त्या क्षणी समजलं. हात सोडवून ती पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"काका, तो कागद खोटा हाय."

देविदास नाईकाने, तांड्याच्या म्हाताऱ्या प्रमुखाने, कानामागे हात लावला. "काय म्हणती पोरगी?"

"सळई खाली राहिली न्हाई नाईक. सकाळी म्या मोजली. वरून सहा सूत व्हती, जिथं पायजे तिथंच. टेप हरिचंददादानं धरली व्हती." तिने वही काढली. "हे बघा. तारीख हाय, वेळ हाय."

"मग पडली काहून?" लालसिंगने विचारलं.

"घमेली टाकायला समदे वर आले, त्यात दबली. खुर्च्या मोडल्या. म्या बघितलं."

आधी कोणाला उमगलं नाही. मग बायकांच्या बाजूने कुजबूज उठली आणि ती वाढत गेली. बेचाळीस घरं. तिथे बसलेली एकही बाई अशी नव्हती जिने घमेलं टाकलं नव्हतं.

"म्हणजे आमी मारलं तिला?" कोणीतरी म्हणालं.

"तसं न्हाई..."

"मग कसं? देवाच्या कामाला घमेलं टाकलं, ते पाप झालं का? आमच्या सासवांनी टाकलं, त्यांच्या सासवांनी टाकलं."

"मातीवर टाकलं. सळईवर न्हाई," शितल म्हणाली.

आता प्रेमदास उठला. तिला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. जवळ येऊन अगदी मायेने बोलला. "लेकरा, समदे वर चढले तवा तू कुठं व्हतीस?"

"तिथंच."

"तुला शिकवलं व्हतं का, तिथं पाय देऊ नये म्हणून?"

"व्हय."

"मग बोलली काहून न्हाई? मी काय शिकलेला न्हाई बाई. मला वाटलं, आपली पोर हाय वर उभी, ती बघून घील." तो नाईकाकडे वळला. "उद्या साहेब हेच इचारतील. इचारतील, तिथं शिकलेलं माणूस कोण व्हतं. मग तिचं शिक्षण बी जाईल, तांड्याचं नाव बी जाईल, आन् बायांना एकेकीला जबाबाला नेतील. हरिचंद एकटा अंगावर घेऊन राहिला तर घेऊ द्या की."

तो चुकीचं बोलला असता तर शितलला उत्तर देता आलं असतं. खालून टाळ्या वाजवणारा, गुत्तेदार म्हणून ज्याने सगळ्यांना थांबवायचं होतं तो माणूस हे बोलत होता, हे खरं. पण त्याचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नव्हता.

तिने संगिताकडे पाहिलं. निदान तिला तरी बरं वाटलं असेल, नवरा सुटतोय म्हणून. संगिताचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"पयलं घमेलं माह्या सासूचं व्हतं," संगिता म्हणाली. "तिला तुवाच नेलं काठावर. म्या खालून बघितलं. आता म्हणतीस तिच्याच पायानं पडलं? तेरवीचा घास अजून घशाखाली गेला न्हाई आमच्या."

"वयनी, मी..."

"तू नको बोलू. तवा बोलायचं व्हतं."

लालसिंगने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वहीसाठी हात पुढे केला. शितलने ती दिली. त्याने ओळीवर बोट ठेवून वरचं वाचलं, मग खालचंही वाचलं. ओतणीच्या वेळी सळईची जागा बराबर. त्याने मान वर करून लेकीकडे पाहिलं. ज्या अक्षराचं कौतुक त्याने चार गावांत केलं होतं, तेच अक्षर होतं ते. वही मिटून त्याने तिच्या हातात ठेवली आणि उठून बैलांच्या गोठ्याकडे निघून गेला. काकाच्या बाजूनेही तो गेला नाही आणि तिच्याही नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं तिला वाटलं.

शेवटी नाईक बोलला. "वही आत ठेवा, कागद बी आत ठेवा. रात्रीतून इचार करू. पर उद्या साहेबाच्या म्होरं तांडा एकाच तोंडानं बोलंल, हे ध्यानात घ्या." तोंड कोणाचं, हे त्याने सांगितलं नाही. ते सांगायची गरजही नव्हती.

लोक पांगले. बायका शितलला वळसा घालून भांड्यांकडे गेल्या. रुख्मिणीबाई मागे वळून बघत बघत त्यांच्यात मिसळली, कारण उद्यापासून तिला याच बायकांत राहायचं होतं.

हरिचंद तेवढा जागचा हलला नव्हता. मग तो उठला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "टेप हाय का?"

"हाय."

"चल."

समाजमंदिरासमोर पोलिसांनी दोरी बांधली होती. राखणीचा शिपाई जेवायला बसवलेला, तो अजून ओट्यावर ताक पीत होता. छज्ज्याचा मोठा तुकडा पालथा न होता तसाच पडलेला होता, वरचं अंग वर. सुपातली तूर गोळा करायचं कोणाला सुचलं नव्हतं. चिमण्यांनी बरीचशी टिपून नेली होती. दोरी न ओलांडता हरिचंद गुडघ्यावर बसला आणि हात लांबवून त्याने तुटक्या कडेवर बोट ठेवलं. करड्या काँक्रीटमधून सळईचं टोक बाहेर आलं होतं, खाली, तळाकडे.

तेरा दिवस त्याला कोणी इथे येऊ दिलं नव्हतं. तोही आला नव्हता.

त्याने टेपचं टोक वरच्या कडेला धरलं, त्या सकाळी धरलं होतं तसंच, अंगठा शून्यावर. "बघ," तो म्हणाला.

"तीन इंच चार सूत."

"माहं किती व्हतं?"

"सहा सूत."

मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तेरा दिवसांत जो माणूस रडला नाही म्हणून बाया नावं ठेवत होत्या, तो टेपचं टोक हातात धरून रडला. शितलने दुसरं टोक सोडलं नाही. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि आपल्याला तो हक्क नाही हेही त्याच वेळी वाटलं.

"म्या तुला इचारलं व्हतं," डोळे पुसत तो म्हणाला.

"व्हय."

"मला वाटलं तू इसरलीस. मग वाटलं, मीच इचारलं नसंन, माहंच डोकं फिरलं. तेरा दिस रोज वाट बघितली, आज सांगशीन, उद्या सांगशीन. मग म्हणलं, जाऊ दे, सही करून टाकू. तुहं तरी शिक्षण व्हईन." त्याने नाक पुसलं. "आईला तुहं लई कौतुक व्हतं."

माफी मागायची तर कशाची, किती? मोजायला शिकलेल्या पोरीला तेवढंच मोजता येत नव्हतं.

"लिही," हरिचंद म्हणाला.

तिने मांडीवर वही उघडली. मोजमापाच्या वहीत लिहिलेलं खोडायचं नसतं, रबर लावायचं नसतं. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला खरं लिहून सही करायची. हा नियम तिने परीक्षेत दोनदा लिहिला होता. 'बराबर' या शब्दावर तिने रेघ मारली. पुढे लिहिलं: पायाखाली दबली. मी पाहिलं. आडेंच्या भाच्याने, हरिचंदने, विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. पडल्यावर मोजली, वरून तीन इंच चार सूत.

"आडेंचा भाचा न्हाई," तो वरून बघत म्हणाला. "माहं नाव हाय. हरिचंद धनू पवार."

तिने तिथेही रेघ मारली आणि त्याचं पूर्ण नाव लिहिलं.

"आता तुहं लिही. मोजणारीचं."

तिने नाव लिहिलं, तारीख टाकली.

"उद्या साहेबाच्या म्होरं ही मी ठेवणार. प्रेमदासमामा काय बी म्हणू दे," तो म्हणाला. मग विचारलं, "बराबर लिव्हलंस ना?"

"व्हय दादा, बराबर."

त्या दिवशी एवढं ऐकून तो वळून गेला होता. आज गेला नाही. त्याने वही तिच्या हातातून काढून घेतली, दोरीपाशीच उकिडवा बसला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत स्वतः वाचायला लागला.